सम शेवटी येते तेव्हा

भजनी मंडळात नवा पोरगा आला तर त्याला कोणी पेटी देत नाही, पखवाज तर लांबच राहिला. तो आधी कोरसात बसतो आणि एखाद्या रात्री झांज वाजवणाऱ्याचे हात भरून आले की झांज त्याच्याकडे सरकते. फोंडाघाट असो, कणकवली असो की देवगडकडची एखादी वाडी, गणपतीत घरोघर भजनं फिरतात तेव्हा एक डोळा बुवांवर आणि एक डोळा उसळ-पावाच्या वाटेवर ठेवून बसलेला असा नवशिक्या प्रत्येक मंडळात असतोच. त्याला मिळणारं शिक्षण एका वाक्याचं असतं : "आधी आयक, मगे वाजय." अलंकार नाहीत, पलटे नाहीत, परीक्षा नाही. पहिल्याच रात्री तो खऱ्या भजनात बसलेला असतो आणि त्याची मात्रा सरकली तर बुवांची मान वळते.

इंडोनेशियातल्या जावा बेटावर गामेलान शिकायला बसणाऱ्याची सुरुवातही जवळपास अशीच होते. गामेलान हे एका वाद्याचं नाव नाही. काशाच्या पट्ट्यांची वाद्यं, आडव्या ठेवलेल्या आणि टांगलेल्या गोंग, दोन तोंडांचे ढोल, दोन तारांचा रबाब, बांबूची बासरी आणि गाणारी माणसं असा तो सगळा ताफा असतो. पुरा ताफा वाजवायला वीसेक माणसं लागतात. सुराकार्ता, म्हणजे लोकांच्या तोंडचं सोलो, आणि योग्यकार्ता ही मध्य जावातली दोन राजधानीची शहरं या संगीताची मुख्य घरं. 2021 मध्ये युनेस्कोनं गामेलानला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्याआधीच अमेरिकेत, युरोपात, जपानात ते विद्यापीठांतून शिकवलं जात होतं. ते तिथे इतकं रुजलं याचं कारण मला साधं वाटतं. ज्याला संगीतातलं काही येत नाही, अशा माणसालाही गामेलानमध्ये पहिल्या दिवशी खरं काम देता येतं.

आमच्या भागात गामेलानचा ताफा नाही. पण भजनात चार वर्षं झांज वाजवलेला माणूस उद्या जावात गेला तर त्याचं निम्मं शिक्षण झालेलं असेल, असं माझं मत आहे. उरलेल्या निम्म्यात मात्र तो पुरता गोंधळेल, आणि तो गोंधळ समजून घेण्यासारखा आहे.

आधी धातू पाहू. जावातलं जुनं प्रमाण दहा भाग तांबं आणि तीन भाग कथील असं आहे, म्हणजे शंभरात सुमारे 77 आणि 23. तळपायाला तूप लावून घासायची आपली काशाची वाटी 78 आणि 22 च्या आसपास असते. धातू एकच म्हणायला हरकत नाही. तांब्यात इतकं कथील घातलं की तो थंड असताना ठिसूळ होतो, दगडावर पडला तर तडकतो. लाल तापवला की मात्र घणाखाली वाकतो. सोलोजवळच्या विरुन गावातले कारागीर आधी जाड चकती ओततात, मग ती भट्टीत तापवून, ओळीनं घण घालून, पुन्हा तापवून तिची गोंग घडवतात आणि शेवटी पाण्यात बुडवतात. नुसती ओतून मोठी गोंग होत नाही. मधोमध टेंगूळ असलेली सर्वांत मोठी गोंग, गोंग अगेंग, साधारण तीन फूट व्यासाची असते. ती वाजवणारा जाड, मऊ गोळ्याच्या दांडक्यानं आधी तिला ऐकू न येईल इतकं हलकं चुचकारून जागी करतो आणि मग टोला देतो. आवाज कानापेक्षा छातीत जास्त लागतो आणि लाटांसारखा हेलकावे खात बराच वेळ राहतो.

कासं फार वेळ घुमतं, हे त्याचं वैभव. नवशिक्याची पहिली अडचणही तीच.

नवशिक्याला बहुधा सारोन मिळतं. लाकडी पेटीवर सहा-सात जाड पट्ट्या, उजव्या हातात लाकडी हातोडी. पट्टीवर मारलं की सूर निघतो, इथपर्यंत कोणालाही जमतं. पण पुढची पट्टी मारताना आधीची घुमतच असते आणि दोन सूर एकमेकांत मिसळून नुसता गजबजाट होतो. म्हणून डावा हात उजव्याच्या मागे एक पाऊल ठेवून चालतो. उजवा पुढची पट्टी मारतो त्याच क्षणी डाव्याची बोटं मागची पट्टी चिमटीत धरून गप्प करतात. आधी धरली तर मध्ये खड्डा पडतो, उशिरा धरली तर चिखल होतो. झांजवाल्याला हे नवं नाही. झांज उघडी कधी सोडायची आणि एकमेकींवर दाबून कधी मारायची, यावरच त्याची परीक्षा असते. आमच्याकडच्या भजनस्पर्धांत गायक आणि पखवाजवादकासोबत उत्कृष्ट झांजवादकाचंही बक्षीस असतं, ते उगाच नव्हे. फरक इतकाच, की झांजेत दाबण्याचं काम मारण्याच्याच हातात असतं. सारोनमध्ये ते दुसऱ्या हाताकडे दिलेलं आहे आणि तो हात सदैव भूतकाळात असतो. पहिले काही दिवस लोक उजव्या हाताकडे बघत बसतात. शिकवणारा डाव्याकडे बघतो.

आता या ताफ्यात कामाची वाटणी कशी असते ते पाहू, कारण सगळी गंमत तिथेच आहे. मधल्या सप्तकांत वाजणारी सारोनं आणि त्यांच्याखाली घुमणारं स्लेन्थेम एक साधी, संथ चाल वाजवतात. तिला बालुंगान म्हणतात, म्हणजे सांगाडा. चार-चार मात्रांचे तुकडे, बहुतेक मात्रांवर एक सूर. या सांगाड्याच्या वर बोनांग, गेंदेर, गांबांग, रबाब ही वाद्यं दुप्पट, चौपट, आठपट दाट नक्षी विणतात. सांगाड्याच्या खाली गोंगांचं कुटुंब वेळ मोजतं : लहानगं केथुक, मडक्यासारखं केनोंग, टांगलेला केम्पुल आणि सगळ्यांच्या मागे मोठी गोंग. जितकं वाद्य खोल आवाजाचं तितकं ते विरळ वाजतं. सर्वांत मोठी गोंग एका आवर्तनात एकदाच. ती चुकली तर वीस माणसांना कळतं.

केथुक वाजवणाऱ्याला एकच सूर असतो. एका लहान गोंगवर एकच टोला, ठरावीक मात्रांवर. हे कमी दर्जाचं काम वाटेल, पण तो टोला हलला तर वरची सगळी नक्षी डळमळते. गामेलानमध्ये काम सोपं असणं आणि काम किरकोळ असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या संगीताच्या क्लासात ही सोय नाही. तिथे नवशिक्या एकटा बसतो, एकटा चुकतो, वर्षभर सा धरून बसतो आणि मग एक दिवस कोणाच्या तरी साथीला जायची पाळी आली की त्याला दुसऱ्याचं ऐकायची सवयच नसते. क्लास बंद करा असं मी म्हणत नाही. पण त्यातून सुटलेली गोष्ट भजनानं आणि गामेलाननं जपून ठेवली आहे.

लांचारान हा सगळ्यांत सोपा आकृतिबंध चार-पाच माणसं घेऊन कोणालाही करून बघता येईल. 16 मात्रांचं आवर्तन. एकानं हातावर 16 टाळ्या सारख्या अंतरानं द्यायच्या. केथुकवाला सगळ्या विषम मात्रांवर वाजवेल : 1, 3, 5 असं करत 15 पर्यंत. केनोंगवाला 4, 8, 12 आणि 16 वर. केम्पुलवाला 6, 10 आणि 14 वर. गोंग फक्त 16 वर. ताट, पातेलं, तांब्या, काही चालेल. इथे एक खुबी दिसते. केम्पुलच्या हिशेबानं 2 ही मात्राही त्याचीच असायला हवी होती. पण ती मुद्दाम रिकामी ठेवतात, कारण नुकतीच गोंग वाजून गेलेली असते आणि तिच्या घुमण्याला जागा हवी असते. केम्पुलवाल्यानं दर आवर्तनात त्या एका जागी हात आवरायचा. नवशिक्याचा हात बरोबर तिथेच उठतो. 'मान्यार सेवू' नावाची लांचारान जगभरच्या नवशिक्यांना पहिल्यांदा शिकवतात. हजार सुगरण पक्षी असा त्या नावाचा अर्थ.

हे 16 मात्रांचं आवर्तन भजनातल्या आमच्या पखवाज्यानं ऐकलं तर तो लगेच ओळखीनं मान डोलावेल. गोंग वाजली, ही सम. मग तो गोंगेला 1 धरून मोजेल. तसं मोजलं की केनोंगचे टोले 1, 5, 9 आणि 13 वर पडतात. म्हणजे तीनतालाच्या चारही विभागांची तोंडं, जशीच्या तशी! पखवाजी खूश होईल, म्हणेल की हे तर आपलंच आहे.

गोंधळ इथून सुरू होतो. जावातला माणूस गोंगेला 16 म्हणतो आणि 1 म्हणजे तिच्या पुढची हलकी मात्रा. चारांच्या तुकड्यात वजन चौथ्या मात्रेवर असतं, पहिलीवर नसतं. आपली पहिली मात्रा जड, त्यांची शेवटची जड. मग त्यानं काय बिघडतं? मोजणी एक घर सरकली, एवढंच ना? एवढंच नाही. बालुंगानचे तुकडे चौथ्या सुरावर येऊन टेकतात, चाल त्या सुराकडे चाललेली असते. गोंगेला 1 धरून ऐकलं तर प्रत्येक तुकड्याचा शेवट पुढच्या तुकड्याच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि चाल मधूनच तोडल्यासारखी वाटते. बोनांगवाल्याचं तर पुरतं अडेल. तो बालुंगानमधल्या पुढच्या दोन सुरांची जोडी आधीच उचलतो, ते दोन सूर आलटून पालटून वाजवत जातो आणि दुसऱ्या सुरावर बाकीच्यांबरोबर पोचतो. पुढे काय येणार हे ज्याला ठाऊक नाही त्याला बोनांग वाजवता येत नाही. सगळं वादन पुढे बघत चालतं आणि गोंगेला येऊन मिळतं.

आपल्याला हे अगदीच परकं आहे असंही नाही. गजर चढत जातो, पखवाज्या तिहाई घेतो आणि तिसरा तुकडा समेवर आपटतो तेव्हा ती सम सुरुवात असते की शेवट? तिहाईपुरता आपला कानही जावाचाच असतो. डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याच्या, रात्री समोरची माणसं दाद देतात ती त्या पोचण्यालाच. जावात हे पोचणं चमत्कार म्हणून राखून ठेवलेलं नाही, ते दर चार मात्रांना लहान प्रमाणात आणि दर गोंगेला मोठ्या प्रमाणात होत राहतं. आवाज न चढवता. म्हणूनच डबलबारीच्या रसिकाला पहिला अर्धा तास गामेलान कंटाळवाणं वाटण्याची शक्यता बरीच आहे. दोन बुवा नाहीत, चिमटे नाहीत, कोणी कोणाला उत्तर देत नाही. समोर बघायला चेहराच नाही.

कान तयार करायला 'पुष्पवर्णा' हे ध्वनिमुद्रण घ्यावं. केतावांग नावाच्या 16 मात्रांच्या बांधणीतली ही रचना. केनोंग 8 आणि 16 वर, केम्पुल 12 वर, गोंग 16 वर. योग्यकार्ताच्या पाकुआलामान राजवाड्यात राजपुत्राच्या आगमनाची खूण म्हणून ती वाजत असे. रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन अभ्यासकानं 1971 मध्ये तिथेच ती मुद्रित केली. पहिल्यांदा फक्त गोंग ऐकावी, बाकी सगळं कानाआड करून. दुसऱ्यांदा गोंग आणि केनोंग. गायिकेचा आवाज फार गोड आहे आणि तो लक्ष खेचतो, पण तिच्या मागे गेलात तर मात्रा सुटल्या म्हणून समजा. ती गामेलानच्या मुठीत नसते, मात्रेच्या जरा मागे रेंगाळत टेकते.

हेच ध्वनिमुद्रण 1977 मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवर बसवलेल्या सोनेरी तबकडीत गेलं. त्या तबकडीत जगभरच्या संगीताचे 27 तुकडे आहेत. त्यात 'पुष्पवर्णा' पावणेपाच मिनिटांची आणि भारतातली एकच चीज : केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटांची. केसरबाई केरीच्या, आणि ते केरी फोंडा तालुक्यातलं. हा फोंडा गोव्याचा, आमच्या घाटाखालचा नव्हे. एसटीत बसताना पाहुण्यांची या दोन फोंड्यांत अजूनही गल्लत होते. केसरबाईंची ती तबकडी सुचवणाराही हाच रॉबर्ट ब्राउन. दक्षिणेतल्या मृदंगावर प्रबंध लिहिलेला आणि नंतर जावाच्या संगीतात रमलेला हा माणूस. व्हॉयेजर 1 निघालं 5 सप्टेंबर 1977 ला, केसरबाई गेल्या 16 सप्टेंबरला. त्यांचे गुरू अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते, म्हणजे आमचा घाट चढून वर गेलं की येणाऱ्या कोल्हापुरात. खाँसाहेबांच्या जयपूर गायकीची ओळखच अशी सांगतात, की आवर्तन सुरू होताच गळा समेच्या वाटेला लागतो आणि तिथे अलगद पोचतो. ज्याला गामेलानमधलं पोचणं कळत नसेल त्यानं केसरबाई ऐकाव्यात, असं मी कोणालाही बिनदिक्कत सांगेन. उलटही खरं असावं.

मोजणी जमली की लय येते, आणि तिथे गामेलान आपल्यापासून खरंच वेगळं वळण घेतं. भजनाचा गजर ठायीत सुरू होतो आणि चढतच जातो. खाली उतरायचं त्याला ठाऊक नाही. गामेलानमध्ये ढोलवाला, म्हणजे केंडांग वाजवणारा, मध्येच लय ओढून धरतो. बालुंगानचे सूर एकमेकांपासून लांब लांब जाऊ लागतात. एका टप्प्यावर वरच्या वाद्यांना त्या मोकळ्या जागा सहन होत नाहीत आणि ती सगळी एकदम दुप्पट होतात. फोंडा घाट चढणाऱ्या मालट्रकचं असंच असतं : वळणावर गाडीचा वेग पडतो, ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो, चाकं सावकाश फिरतात आणि इंजिन जोरात. या गिअरांना जावात इरामा म्हणतात. सर्वांत बारीक आवाजाचं सारोन, पेकिंग, बालुंगानच्या एका सुराला एक टोला देतं ती पहिली इरामा. मग दोन, चार, आठ आणि शेवटी 16. एकच चाल, पण पहिल्या इरामेत ती मिनिटाच्या आत संपेल आणि चौथीत तिचं एक आवर्तन एवढं लांबतं की गोंगवाला मधल्या वेळात जांभई देऊन घेऊ शकतो.

नवशिक्यासाठी सर्वांत धोक्याची जागा म्हणजे हा गिअर बदलण्याचा क्षण. बालुंगान वाजवणाऱ्याला वाटतं की सगळे जलद झाले, म्हणून तोही पळतो. खरं तर त्यानं आणखी सावकाश व्हायचं असतं. त्यासाठी केंडांग ऐकावा लागतो, आणि स्वतःच्या पट्ट्यांकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला केंडांग ऐकू येत नाही.

पेटीचं काय, असा प्रश्न आमच्याकडे कोणीतरी विचारणारच. पेटी इथे उपयोगाची नाही. गामेलानमध्ये सुरांच्या दोन व्यवस्था असतात. स्लेंद्रोत सप्तकाचे पाच भाग, जवळजवळ सारख्या अंतराचे. पेलोगमध्ये सात सूर, लहान-मोठ्या अंतरांचे. स्लेंद्रो ऐकून आपल्या कानाला आधी भूप वाटतो, जरा वेळानं दुर्गा वाटतो आणि मग यांतलं काहीच वाटेनासं होतं, कारण ते सूर पेटीच्या पट्ट्यांच्या मधल्या फटींत पडतात. शिवाय प्रत्येक ताफ्याचं जुळवणं त्याचं त्याचंच. एका ताफ्यातलं सारोन उचलून दुसऱ्यात ठेवलं तर ते बेसूर. काळी एक, काळी दोन असं सांगून कोणाला बोलावता येत नाही. म्हणून ताफ्याला माणसासारखं नाव असतं, आदरार्थी 'क्याई' लावून. सोलोच्या मांकुनगरान राजवाड्यातला क्याई कान्युत मेसेम हा त्यांतला एक नामांकित.

सूर लिहायची पद्धत मात्र आपल्याला दहा मिनिटांत कळते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुराकार्ताच्या पंतप्रधानाच्या वाड्यात, केपातिहानमध्ये, आकड्यांची लिपी रुळली. 1 ते 7 आकडे, न वाजवायच्या जागी टिंब. स्लेंद्रोत 4 येत नाही : 1, 2, 3, 5, 6. म्हणताना आकड्यांची शेपटंच म्हणतात, जी, रो, लू, मा, नेम. आपण सारेगम म्हणतो तसं. साधारण त्याच काळात आपल्याकडे पलुसकर आणि भातखंडे स्वरलिपीच्या मागे लागले होते. आकड्यांचा कागद समोर असला की परदेशी विद्यार्थ्यांना धीर येतो, म्हणून तो सर्रास देतात. जुने वादक कागदाशिवाय शिकले. लहानपणी ताफ्याच्या मागे बसून, पेंगत, कोणी उठून गेलं की त्याची जागा घेत. माझा कल जुन्याकडे आहे. कागदावर फक्त सांगाडा लिहिलेला असतो. बोनांगनं काय वाजवायचं, रबाबानं कुठून वळायचं हे त्यात नसतं, आणि कागदाकडे बघणारा शेजाऱ्याकडे बघत नाही.

शेजाऱ्याकडे बघण्याची कसोटी लागते ती वायांगमध्ये. चामड्याच्या बाहुल्यांचा हा छायाखेळ रात्री सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. रामायण-महाभारतातल्या कथा; करणारे आणि बघणारे बहुतेक मुसलमान, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. हाच समाज प्रेषितांच्या जन्माच्या दिवसांत मशिदीच्या अंगणात सेकातेन नावाचं खास गामेलान वाजवतो. बाहुल्या नाचवणारा दालांग एकटा सगळी पात्रं बोलतो, आणि हातातल्या लाकडी ठोकळ्यानं बाहुल्यांच्या पेटीवर ठोका देऊन गामेलानला इशारे करतो : सुरू करा, वेगात घ्या, थांबा. लढाईच्या प्रसंगात आवर्तन किती वेळा फिरेल हे कोणालाच माहीत नसतं. सिंधुदुर्गात हे समजवायला कष्ट पडत नाहीत. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चामड्याच्या बाहुल्यांची आणि चित्रकथीची परंपरा आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. आणि दशावतारात तर मृदंगवाल्याची नजर रात्रभर नटाच्या पायांवर खिळलेली असते. लिखित संहिता नाही. राक्षस किती वेळ गर्जना करणार हे राक्षसच ठरवतो. पायपेटी, मृदंग आणि झांज एवढ्या तिघांनी सांभाळायचं ते काम वायांगमध्ये पंधरा-वीस जण एकदम सांभाळतात.

बसण्याच्या रीतीही ओळखीच्या. चपला बाहेर. मांडी घालून खाली. वाद्य ओलांडून जायचं नाही, वळसा घालून जायचं. ज्या घरात पखवाजाला पाय लागला तर नमस्कार करतात तिथल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. परदेशी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी हेच आधी सांगतात. अनेक ठिकाणी गुरुवारी संध्याकाळी मोठ्या गोंगेपुढे फुलं ठेवतात, धूप घालतात.

शिकायचंच असेल तर सोलो आणि योग्यकार्ता इथल्या सरकारी कलासंस्थांत परदेशी विद्यार्थ्यांची सोय आहे. इंडोनेशियाचं सरकार त्यासाठी दार्मासिस्वा नावाची शिष्यवृत्ती देतं. ज्यांची मुलं लंडनकडे आहेत त्यांना साउथबँक सेंटरमध्ये 1987 पासून पूर्ण ताफा सापडेल. इंडोनेशियानं भेट दिलेला, आणि कोणालाही शिकता येणारा. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांतही ताफे आहेत. शिकवण्याचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच : आधी सारोन, मग गोंगांच्या रांगेत एकेक जागा, मग बोनांग. आज केनोंग वाजवणारा पुढच्या आठवड्यात केथुकपाशी बसतो. सगळ्या जागा फिरून झाल्या की कुठेही बसला तरी बाकीच्यांचं काम त्याला आतून माहीत असतं. आमच्या मंडळांत एकदा झांजेवर बसलेला पंधरा वर्षांनीही झांजेवरच असतो आणि पेटी एकाच घरात राहते. हे जावाकडून उचलावं असं मला फार वाटतं. बुवांना वाटेल की नाही, ते बुवांना विचारावं.

आपल्याकडचा पखवाजी तिथे गेला तर सरळ केंडांगपाशी जाऊन बसेल, याबद्दल मला शंका नाही. दोन तोंडांचा ढोल, आडवा ठेवलेला, दोन्ही हातांनी वाजणारा; हात शिवशिवणारच. पण केंडांगवर बसणाऱ्याला ताफ्यातल्या प्रत्येक वाद्याचं काम माहीत असावं लागतं, कारण लय ओढणं, गिअर बदलणं आणि थांबवणं ही तिन्ही कामं त्याचीच. तो बोल कमी वाजवतो, निरोप जास्त देतो. म्हणून केंडांग सर्वांत शेवटी हातात येतो. तोपर्यंत पखवाज्याला केथुक देतील, विषम मात्रांवर एक टोला, आणि तो बहुधा पहिल्या संध्याकाळी गोंगेला सम समजून सम मात्रांवर वाजवेल.